रुखमाच्या नावाची मूठ

मन्मथअप्पांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तरी आमच्याकडे दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर गेले की एखादा म्हातारा हमखास म्हणतो, "अप्पा असते तर मिटलं असतं." मी अशा वेळी गप्प बसतो. मिटलं असतं हे खरंच आहे. पण मिटवलेल्या भांडणाचं पुढे काय होतं ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. त्यात माझा हात नव्हता. माझं फक्त तोंड बंद होतं. आता माझंही वय झालं, सांगायचं राहून जायला नको.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, शेवटची वर्षं. मी मूळचा नांदेडचा, पण नोकरीला उदगीरच्या बाजूला, एका तालुक्याच्या गावी होतो. मुन्सिफ कोर्टात नक्कलनवीस, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या नकला उतरवून देणारा कारकून. तिशी गाठलेली, दोन लेकरांचा बाप, आणि उर्दू अक्षर वळणदार म्हणून जरा ताठ मानेचा. कोर्टासमोर एक कडुलिंब होता. त्या कडुलिंबाच्या सावलीच्या बरोबर बाहेर, उन्हात, मन्मथअप्पांचं लिहायचं उतरतं मेज मांडलेलं असे. ते अर्जनवीस. लोकांचे अर्ज, दावे आणि सुलहनामे लिहून द्यायचे. सुलहनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी कबूल केलेला समेटाचा कागद. दावा लावायला आलेली माणसं आधी त्यांच्यापुढे बसत, आणि त्यातली निम्मी दावा न लावताच गावाकडे परत जात. आमचे मुन्सिफसाहेब म्हणायचे, हा माणूस कोर्टाच्या पोटावर पाय देतो.

बुटके, रुंद, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि पायातल्या वहाणा नेहमी कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या. जातीनं लिंगायत. घरची चालती किराणा पेढी धाकट्या भावावर सोडून हे उन्हात येऊन का बसतात, हे त्यांच्या बायकोलाही कळलं नव्हतं. गुरुबाई म्हणायच्या, "दुकानात गिऱ्हाईक येतंय, त्येंच्याकडं भांडनं येत्यात. ज्याची त्याची आवड."

उन्हात बसण्यामागे त्यांचा हिशेबी डाव होता. "सावलीत बसलं की मानसाला भांडायला उमेद येती, वामनराव," ते मला सांगायचे. "उन्हात घटकाभर बसवा. डोकं तापतं म्हनत्यात ना? उलटं हाय. उन्हात डोकं वळतं." पण लोकांना उन्हात बसवायचं तर स्वतःही उन्हात बसलं पाहिजे, हा त्यांचा नेम. त्यामुळे उन्हाळ्यात त्यांची कातडी तळ्यातल्या सुकल्या गाळासारखी भेगाळायची.

दोन्ही बाजू ओरडत असताना ते खाली मान घालून बोरू तासत राहायचे. ओरडणं संपलं की बोरू तयार. एखाद्या भांडणात बोरू तासून तासून बोटभर उरायचा, मग ते तो उचलून दाखवायचे. "बघा, तुमच्या भावकीनं माझा एक पुरा बोरू खाल्ला." माणसं ओशाळून हसायची, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा शिव्या द्यायला जरा वेळ लागतो.

पण त्यांची खरी करामत होती ती एका प्रश्नात. कागद लिहून झाला, अंगठे उमटवायची वेळ आली की ते एकेकाला बाजूला न्यायचे आणि विचारायचे, "समोरच्याचं काय गेलं ते सांग." तुला काय मिळालं, हे नाही विचारायचे. समोरच्यानं काय सोडलं ते जो सांगू शकेल, त्याचाच अंगठा घ्यायचे.

मला आठवतात ते वाटणीला आलेले दोघे भाऊ. विहीर, खळं, बैल, सगळं वाटून झालं होतं. मोठ्यानं बरोबर सांगितलं की धाकट्याची आंब्याची झाडं गेली. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "दादाचं काय जातंय? दादा मजेत हाय." अप्पांनी दौतीला बूच लावलं आणि मेज उचलून घरी निघाले. भाऊ मागं धावले, वकील धावला, अप्पा काही वळले नाहीत. आठ दिवसांनी तो धाकटा एकटाच आला, बराच वेळ उन्हात बसला, आणि म्हणाला, "आई माझ्याकडं राहनार हाय. दादाची आई गेली." अप्पांनी बूच काढलं. त्या कागदाची नक्कल मीच उतरवली. त्यात आईबद्दल एक शब्दही नव्हता, पण त्या दोघांत पुढे कधी भांडण झालं नाही.

स्वतःलाही ते हाच प्रश्न लावायचे. शेजारच्या तेल्याशी त्यांचा भिंतीवरून वाद झाला, कागदोपत्री भिंत अप्पांचीच ठरली, आणि अप्पा जिंकूनही चार दिवस अस्वस्थ. पाचव्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी वीतभर भिंत उतरवली. गुरुबाई कपाळावर हात मारत होत्या. अप्पा म्हणाले, "त्येचा दुपारचा वारा गेला व्हता. मला आज दिसलं."

मी त्यांना हसायचो. माझा भरवसा कायद्याच्या पुस्तकावर. गुन्हा असेल तर शिक्षा, नसेल तर सुटका, मध्ये हे काय वारा आणि आंबे? अप्पा माझ्यावर रागवत नसत. "तुमचा निकाल कोर्टात ऱ्हातो, पंत. मानसं गावात ऱ्हात्यात," एवढंच म्हणायचे.

आता त्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. दोन गावांचं वैर मिटलं की नुसत्या कागदावर कुणी विसंबत नसे. शिवेवर मोठी परात मांडायची. दोन्ही गावांतल्या प्रत्येक घरानं ज्वारीच्या पिठाची एक मूठ त्यात आणून टाकायची. मग बायकांनी ते पीठ एकत्र मळायचं, भाकरी थापायची, आणि प्रत्येकानं तिचा तुकडा खायचा. एकदा मळलेलं पीठ वेगळं करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'त्यांचं पीठ मिळालं' असं लोक म्हणत. एका घराची जरी मूठ राहिली तरी पीठ मिळालं असं धरत नसत. हुसेनभाई पिंजाऱ्यांसारख्या मुसलमान घरांचीही मूठ त्यात पडायची. महारवाड्याची परात मात्र वेगळी मांडत. न्यायाच्या गोष्टी बोलणाऱ्या आम्हा कुणालाही त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

अप्पा परगावी गेले की स्वतःच्या घरच्या पिठाची पिशवी बरोबर घेत. दुसऱ्या घरचं पीठ त्यांना चालत नसे. गावातल्या एखाद्या लिंगायत घरी ते थापून घेत. मिळवलेल्या पिठाची भाकरी आली की तुकडा कपाळाला लावून शेजाऱ्याच्या हातात देत. मीही ब्राह्मण म्हणून माझा शिधा बांधून न्यायचो. दोन गावांना एका परातीत मळायला निघालेले आम्ही दोघं, आपापली पिशवी सांभाळत गाडीत बसायचो. अप्पाच यावर पहिल्यांदा हसले होते.

उंबरदरा आणि चिंचसोंड ही दोन गावं एका ओढ्यावर. उंबरदरा वर, चिंचसोंड खाली. उंबरदऱ्याचा मातीचा बांध, त्यामुळे उन्हाळ्यात खाली पाणी उतरेना. एका सकाळी बांधावर कुऱ्हाडी चालल्या आणि उंबरदऱ्याच्या पाटलाचा पुतण्या जागीच गेला. चिंचसोंडचा गणपत नावाचा एक माणूस त्या दिवशी गावातही नव्हता. लेकरू व्हावं म्हणून बोललेला नवस फेडायला माहूरला देवीला गेला होता. चार दिवसांनी परत आला, बायकोच्या हातात प्रसाद दिला आणि शेतावर पाणी बघायला गेला. तिथे पाटलाच्या मुलानं, ज्ञानोबानं, त्याला गाठून तोडलं. ज्ञानोबाला बदला हवा होता, गणपत पहिला सापडला.

एरवी या वैराला दहा वर्षंही पुरली नसती. पण ते दिवस निराळे होते. बंदुका घेतलेल्या खाकी टोळ्या मुलखात फिरत होत्या. ज्या गावात फूट, ते गाव त्यांना सोपं. बारा कोसांवर धूर दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी कळायचं, अमुक वाडी जळाली. अमीन, म्हणजे पोलिसांचा फौजदार, टोळ्या आल्या की नेमका दुसऱ्या बाजूला गस्तीला जायचा. तेव्हा दोन्ही गावांनी एकाच दिवशी अप्पांना सांगावा धाडला. मला रजा टाकायला लावून अप्पांनी बरोबर घेतलं, नक्कल जागेवरच हवी म्हणून.

तीन दिवस अप्पांनी दोन्ही गावांना बांधावर उन्हात बसवलं. दोन बोरू संपले. ठरलं असं की बांधाचं तोंड आठवड्यातून चार दिवस खालच्या गावासाठी उघडायचं, तीन दिवस बंद. टोळी आली तर दोन्ही गावांनी मिळून बांध धरायचा. एवढं कागदावर. तोंडी एवढंच की झाल्या खुनांची साक्ष कुणी कुणाविरुद्ध द्यायची नाही. त्यांचा एक, यांचा एक.

मी अप्पांना बाजूला घेऊन म्हणालो, "खुनाचा समेट कायद्यात बसत नाही."

"कायदा बसाया गाव तर ऱ्हायलं पायजे, वामनराव," ते म्हणाले.

मग त्यांचा प्रश्न. उंबरदऱ्याचा पाटील म्हणाला, "त्येंचा गणपत गेला. बिचारा भांडनात बी नव्हता." चिंचसोंडकडून हुसेनभाईंना पुढं केलं होतं. ते म्हणाले, "पाटलाचा पुतन्या गेला, अन् चार रोजचं पानी गेलं." दोघांचंही बरोबर होतं. इतकं नीट उत्तर दोन गावांनी दिलेलं मी पाहिलं नव्हतं. अंगठे उमटले. जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "बराबरीचं झालं. कुनाचं कमी न्हाई, कुनाचं जास्ती न्हाई." अप्पांच्या तोंडावर समाधान होतं आणि माझ्याही मनात आलं की माझ्या पुस्तकापेक्षा म्हाताऱ्याला जास्त कळतं.

परात मांडली. बायका ओळीनं आल्या, मुठी पडत गेल्या. सगळ्यांत शेवटी रुखमा, गणपतची बायको, उभी राहिली. पंचविशीची असेल. हात पदराखाली.

"टाक बाई," कुणीतरी म्हणालं.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमचा त्यो सवाल मला बी इचारा."

अप्पांनी मान वर केली. "इचारतो माय. समोरच्याचं काय गेलं?"

"समोरचा कोन?"

"उंबरदरा."

"उंबरदऱ्याशी माझं काय वैर न्हाई. माझा समोरचा त्यो हाय." तिनं हात पदराबाहेर काढून ज्ञानोबाकडे दाखवला. तो चुलीला सरपण लावत होता, तसाच ओणवा राहिला. "त्येचं काय गेलं ते मला ठावं न्हाई. तुमी सांगा, मंग मूठ टाकते."

पाटील म्हणाला, "आमचा पुतन्या गेला की, बाई."

"त्यो गेला तवा माझा धनी माहूरला व्हता. देवीचा परसाद अजून फळीवर हाय."

चिंचसोंडचा एक म्हातारा, तिचाच चुलत सासरा, जरा जरबेनं म्हणाला, "रुखमे, गावासाठी मानसाला सोसावं लागतं."

"गनपत गावाचा नव्हता मामंजी, माझा व्हता. गावानं त्येला कसा काय सोडला?"

आणि ती निघून गेली. तिच्यामागं कुणी गेलं नाही.  अप्पांच्या स्वतःच्या नियमानं दौतीला बूच लावून त्यांनी उठायला हवं होतं. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. हात बुचाकडे गेला आणि तिथेच थांबला.

कारण त्याच वेळी कुणीतरी उगवतीकडे बोट दाखवलं. धूर होता. नेहमीपेक्षा जवळ. माणसं कुजबुजायला लागली, पीठ मिळालं न्हाई, पीठ मिळालं न्हाई, आणि उंबरदऱ्याच्या दोघातिघांनी कुऱ्हाडी उचलून खांद्यावर घेतल्या. अप्पा उठले. "थांबा, मी मागून आनतो," म्हणाले आणि रुखमाच्या घराकडे गेले. मी मागोमाग. दार आतून लावलं होतं. अप्पांनी हाक मारली, दोनदा, तीनदा. दार उघडलं नाही.

परत येताना ते आमच्या गाडीआड थांबले. स्वतःच्या पिठाच्या पिशवीत हात घातला, मूठ भरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"वामनराव, तुमी काय बघितलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

ते परातीपाशी गेले आणि मूठ उघडली. "रुखमाबाईची मूठ," ते मोठ्यानं म्हणाले. "बाईला यायचं हुईना, पर मूठ दिली तिनं." अप्पांचा शब्द होता, कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पीठ मळलं, भाकरी झाली. त्या दिवशी अप्पांनी तुकडा कपाळाला लावून शेजाऱ्याला दिला नाही. तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

पुढचं सांगतो, कारण ते लपवलं तर मी अप्पांवर अन्याय करीन. आठवड्याच्या आत टोळी आली. दोन्ही गावं बांधावर गोफणी घेऊन उभी होती, हुसेनभाई आणि पाटील शेजारी शेजारी, महारवाडा तर सगळ्यांच्या पुढे. टोळीनं चार बार काढले, चिंचसोंडची एक गंजी पेटवली आणि निघून गेली. माणूस गेलं नाही. तिथून तीन कोसांवरच्या एका गावात मात्र दोन भावक्यांचं वैर मिटलं नव्हतं. त्या गावाची नंतर नुसती जोती उरली. मी ती पाहिली आहेत. ती एक मूठ पडली नसती तर काय झालं असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

गोफण फिरवण्यात सगळ्यांत तडफ ज्ञानोबाची होती. लोक त्याला वाघ म्हणायला लागले.

रुखमाला गावात बोलायची सोय राहिली नाही. "मूठ दिलीस ना? आता तोंड कामून वाकडं करून राहिलीस?" असं बायका पाणवठ्यावर विचारत. मी दिली नाही, ती सांगायची. मग काय अप्पा खोटं बोलले? या प्रश्नापुढे तिला वाट नव्हती. त्या मुलखात अप्पा खोटं बोलले म्हणणं म्हणजे सूर्य मावळतीला उगवला म्हणण्यासारखं होतं. तेव्हा ती दर बाजारच्या दिवशी तालुक्याला यायला लागली. कडुलिंबाखाली अप्पांच्या समोर बसायची. बोलायची नाही. बाजार उठला की उठून जायची.

अप्पा त्यानंतर कुठल्या सुलहनाम्याला परगावी गेले नाहीत. कुणी बोलवायला आलं की, "माझी नजर अधू झाली," म्हणायचे. प्रश्न विचारायचंही त्यांनी सोडलं. एकदा दोघं भाऊ कागदावर अंगठे उमटवायला बसले होते, त्यातला एक स्वतःहून म्हणाला, "अप्पा, ते समोरच्याचं इचारायचं राह्यलं." अप्पा बोरू तासतच राहिले. बोटातून रक्त आलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही, मी हातातून चाकू काढून घेतला.

मग फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. कचेरीवर नवं निशाण लागलं आणि आम्ही उर्दूवाले एकमेकांना विचारू लागलो. आता मराठी कागद, नवे साहेब, नोकरी राहते का जाते कुणास ठाऊक. त्याच धामधुमीत एका बाजारच्या दिवशी रुखमा झाडाखालून उठली, उन्हात आली आणि पहिल्यांदा बोलली.

"अर्ज लिहा."

"कुनावर?" अप्पांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"ज्ञानोबावर. अन् खाली लिहा, मूठ माझी नव्हती."

अप्पांनी लिहिलं. मराठीत, बालबोध, लेकरासारखं मोठं अक्षर. शेवटी आपल्या नावानं जबानी जोडली: मूठ माझ्या पिशवीतली होती, मी खोटं बोललो. मग बोरू थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी कचेरीच्या पायरीवर उभा होतो.

"साक्षीला तुमचं नाव घालू का, पंत?"

माझ्या डोळ्यांपुढे नवा साहेब आला, दोन लेकरं आली. खरं सांगायचं तर लेकरं नंतर आली.

"मी काही बघितलं नाही, अप्पा," मी म्हणालो. तेच उत्तर, त्याच शब्दांत. त्यांनी मान डोलावली. राग नव्हता, आणि त्याचीच मला अजून चीड येते.

नवा फौजदार चौकशीला बांधावर आला. कागद सांभाळायला मी होतोच. दोन्ही गावं जमली आणि दोन्ही गावांनी एकमुखानं सांगितलं, गणपतला टोळीवाल्यांनी मारलं. टोळ्या आता संपल्या होत्या, त्यांच्यावर काहीही घालायला हरकत नव्हती. अप्पा उठून उभे राहिले आणि मुठीची गोष्ट सगळी सांगितली. पाटलानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. अगदी प्रेमानं. "अप्पा, जन्म उन्हात काढला तुमी. भरम होतो मानसाला." चिंचसोंडचे लोकही म्हणाले, "मूठ पडलेली आमी डोळ्यांनी बघितली." हुसेनभाई तेवढे खाली बघत होते. मीही.

तिचा तो चुलत सासरा रुखमाला समजावत होता, "टोळीच्या हातनं मेलेल्यांचा दगड बसनार हाय गावात. गनपतचं नाव पैलं. अजून काय पायजे तुला?"  फौजदारानं कागद बांधला.

लोक पांगले. बांधाच्या दगडावर अप्पा, खाली रुखमा, आणि जरा लांब मी, गाडीवान बैल जुंपेपर्यंत. अप्पा म्हणाले, "माय, माझं काय गेलं ते तुला दिसतंय का?"

"दिसतंय," ती म्हणाली. "तुमचा सबूद गेला. आता तुमच्या झाडाखाली कोन येनार न्हाई."

"मंग आपलं तरी मिटलं म्हनावं का?"

 बांधाचं तोंड त्या दिवशी उघडं होतं, पाणी खालच्या गावाला जात होतं.

"न्हाई अप्पा. तुमचं तुमी टाकलं. माझं न्हेलं."

अप्पांनी मान हलवली. गाडीत अर्धी वाट संपल्यावर ते एकदाच म्हणाले, "बराबर बोलली."

तिचं दुसरं म्हणणंही खरं झालं. झाडाखाली कुणी येईना. भ्रमिष्ट माणसाकडून कोण कागद लिहून घेणार? पण बाजारच्या दिवशी रुखमा यायची आणि अप्पा तिचा अर्ज नव्यानं लिहायचे. फौजदाराकडून परत आला की वरच्या साहेबाला, तिथून आला की त्याच्या वरच्याला. दरवेळी पहिल्यापासून, तेच शब्द.

वर्षाच्या आत माझी नांदेडला बदली झाली. नोकरी राहिली. निघालो तो बाजारचाच दिवस होता. मोटार कडुलिंबासमोर उभी राहायची. सामान टपावर चढलं, बायको लेकरांना घेऊन आत बसली, आणि मी निरोप घ्यायला गेलो. अप्पा उन्हात, मेजाच्या पलीकडे रुखमा, तीही उन्हात. अप्पांचे गाल बसले होते, वहाणा आणखी मोठ्या वाटत होत्या. अर्ज लिहून होत आला होता. मी वाकून नमस्कार केला तेव्हा कागद माझ्या नजरेला पडला. 'साक्षीदार' असं लिहून त्याच्यापुढे अप्पांनी एक ओळ कोरी सोडली होती.

"दर खेपेला सोडतो," ते म्हणाले. "जागा ठेवली हाय, वामनराव."

रुखमानं माझ्याकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, आणि मी जाऊन मोटारीत बसलो.